ग्वारांदात दोन दिवस

"शनिवारी पहाटे निघायचं, रविवारी संध्याकाळी परत," एर्सिलियाबाई म्हणाल्या. "तूही येणार आहेस, झोइला. कपडे भरून ठेव."

झोइलाच्या हातातलं हिरवं केळं अर्धवट सोललेलं तसंच राहिलं.

"ग्वारांदाला? वर डोंगरात?"

"तुझं गाव अजून खाली उतरलेलं नाही ना? मग डोंगरातच जावं लागेल."

झोइला खुदकन हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले. पंधराव्या वर्षी ती खाली ग्वायाकिल बंदराच्या शहरातल्या या घरात कामाला आली, त्याला एकतीस वर्षं झाली होती. सुरुवातीला दरवर्षी आठवडाभर ती आईकडे जायची. शेवटची गेली ती १९६६ साली. पुढच्याच वर्षी बाईंचं खुब्याचं हाड मोडलं. ते जुळतंय तोवर साहेब अंथरुणाला खिळले. साहेब गेल्यावर तर बाई तिला अंगणापलीकडे जाऊ देईनात. आता १९७८ उजाडलं होतं.

आईची पत्रं मात्र यायची. आईला लिहिता येत नव्हतं, तिच्यासाठी गावातला मास्तर लिहायचा. झोइलाला वाचता येत नव्हतं, तिला बाई वाचून दाखवायच्या. रविवारी जेवणं झाली की चष्मा लावायच्या आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचायच्या. मी ठीक आहे. रस्ता खराब आहे, येऊ नकोस. बाईंना एकटं टाकू नकोस.

गुरुवारी भाचा ओस्वाल्दो जेवायला आला आणि बेत ऐकून त्याने चमचा खाली ठेवला.

"आत्या, नऊ हजार फूट उंची! डॉक्टरांनी तुला जिना चढायचीसुद्धा बंदी केलीय."

"जिना कोण चढतंय? मी बसमध्ये बसून जाणार आहे."

"पावसाचे दिवस आहेत. दरड कोसळली तर?"

"बाजूला काढेपर्यंत थांबू."

"बरं, दोन आठवड्यांवर कार्निव्हल आलाय. तेव्हा सगळेच जाऊ. मी गाडी काढतो."

"दोन आठवडे माझ्या हातात आहेत असं तुझा डॉक्टर लिहून देतोय का? देत असेल तर थांबते."

जाताना ओस्वाल्दोने झोइलाला स्वयंपाकघरात गाठलं. "तू तरी समजाव तिला. तुझं ऐकते."

"माझं? एकतीस वर्षांत मिठाच्या बाबतीतसुद्धा ऐकलेलं नाही, दादा."

शुक्रवारी बाईंनी कागद पुढे घेऊन सगळं ठरवलं. पहाटे पाचची बस. बाबाओयोला थांबून कॉफी. चढण सुरू होण्याआधी हृदयाची गोळी. चौकाजवळच्या लॉजमध्ये तळमजल्यावरची खोली त्यांनी स्वतः फोन करून घेतली होती.

"लॉज कशाला, बाई? आईकडे जागा आहे. मागच्याच पत्रात नव्हतं का, आतल्या खोलीला चुना दिलाय म्हणून?"

"मला माझी वेगळी खोली लागते," बाई कागदावरची नजर न काढता म्हणाल्या.

"मग आज तार तरी करू या. ती मक्याचं पीठ भिजवून ठेवेल, चीज आणेल."

"तार नको."

"अहो, पण म्हातारी अचानक बघून दचकेल!"

"तार नको म्हटलं ना, झोइला."

झोइलाने मान हलवली. बाईंचा हट्ट तिला नवा नव्हता. आईसाठी तिने सुकी कोळंबी बांधून घेतली आणि खूप पिकलेली केळी, कारण पत्रातून आईचे दात गेल्याचं कळलं होतं. बांधता बांधता तिला हसू आलं.

"बाई, त्या डुकरांची नावं काय लिहिली होती हो आईने? एकाचं कर्नल आणि दुसऱ्याचं?"

"बिशप."

"कमाल आहे. आमच्या घरी डुकराला कधी नाव नव्हतं. म्हणायची, नाव दिलं की कापताना हात थरथरतो."

बाईंनी समोरच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "वय झालं की माणूस हळवं होतं."

शनिवारी बस वेळेवर सुटली. केळीच्या बागा मागे पडल्या, धुकं आलं आणि वळणं सुरू झाली. सान मिगेलच्या अलीकडे बाईंचे ओठ निळसर दिसायला लागले.

"बाई, इथेच उतरू या. परतीची बस मिळेल. माझी आई कुठे पळून जातेय का?"

"पुढे चल."

"तुम्हाला काही झालं तर ओस्वाल्दोदादा मला सोलून काढतील."

"गोळी दे आणि गप्प बस."

माझ्यासाठी, झोइलाच्या मनात आलं. जिवावर उदार होऊन ही बाई माझ्यासाठी डोंगर चढतेय. तिने आपली शाल काढून बाईंच्या गुडघ्यांवर घातली आणि वर पोचेपर्यंत त्यांचा गार पडलेला हात चोळत राहिली.

ग्वारांदाला उतरल्या तेव्हा बारा वाजत आले होते. ऊन होतं, पण हवा अंगाला बोचत होती. झोइलाने धावत जाऊन टॅक्सी थांबवली, बाईंना धरून आत बसवलं आणि केळी मांडीवर घेतली. बाकी सगळं तसंच होतं. तीच उतरती कौलं, तोच चढाचा फरसबंद रस्ता.

"वरच्या अंगाला घ्या, दादा," ती ड्रायव्हरला घाईघाईने म्हणाली. "पाण्याच्या टाकीजवळ. निळं दार आहे. म्हातारी आता दारातच बसली असेल बघा."

ड्रायव्हरने गाडी वळवायला घेतली.

"थांबा," एर्सिलियाबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. झोइलाचा हात त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. "दफनभूमीकडे घ्या. सदुसष्ट साली गेलेली माणसं जिथे पुरली आहेत, त्या बाजूला."