डाव्या सीटचं वजन

इंद्रभानांच्या लेकीच्या, अनुपमाच्या मुलीचं बारसं माहेरी व्हायचं ते सासरी, सोनाळ्याला झालं, त्या वर्षीच्या जेठातली ही गोष्ट. चिखलीला नागसेनच्या गॅरेजात इंद्रभान आपल्या कॉन्टेसाच्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. गाडी जागची हलत नव्हती आणि त्यांनीही हलायचं नव्हतं. तुमचं वजन मापात धरलं आहे, असं नागसेननं बजावलं होतं.

गाडीचं पुढचं सगळं खालचं सामान नवं झालं होतं. आर्म, बुश, शॉकअप, सगळं कोइमतूरच्या एका कारखान्यातून सांगून बनवून घेतलेलं. यायला आठ महिने लागले. शॉकअपवर आटे होते आणि आट्यांवर रिंग. रिंग फिरवली की त्या बाजूनं गाडी वर किंवा खाली व्हायची.

आधीचं सामानही इंद्रभानांनीच घातलेलं. तरणेपणी त्यांनी गाडीत मोठं इंजिन बसवलं आणि ते पेलायला पुढं जाड स्प्रिंगा टाकल्या. गाडी अशी पळायला लागली की खामगावच्या रस्त्यावर तिला कोणी गाठत नव्हतं. पण खड्डा आला की तो थेट मणक्यात शिरायचा.

"उजवीकडं तुमी झाले, काका," नागसेन गाडीखालून निघत म्हणाला. "आता डावीकडचं सांगा. एकट्याच्या वजनावर बसवू का दोघाइच्या? एकट्याच्या बसवली तं एकट्यालेच सरळ राहीन. दोघाइच्या बसवली अन् तुमी एकटेच बसले, तं उजवीकडं झुकून दिसन."

"दोघाइच्या."

"मंग काकूचं वजन सांगा. अंदाजपंचे नोका सांगू."

इंद्रभानांजवळ बायकोच्या वजनाचे दोन आकडे होते. एक बुलढाण्याच्या दवाखान्यातला, माघातला. चौतीस. दुसरा फार जुना. दोघं कापूस विकायला गेले होते. गाठोडी उतरली, काटा रिकामा झाला आणि अन्नपूर्णाबाई स्वतःच त्यावर चढून उभ्या राहिल्या. अडत्या म्हणाला, एकसष्ट. "लुगड्याचे दोन कापा," त्या म्हणाल्या, "आमच्या कापसाले ओल्याची कपात लावता तशी." हमाल पोट धरून हसले होते.

"एकसष्ट," इंद्रभान म्हणाले.

नागसेननं शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर रेती मोजली, पोत्यात भरली, तोंड सुतळीनं बांधलं आणि भंगारवाल्याच्या मदतीनं ते पोतं डाव्या सीटवर ठेवलं. गाडी त्या बाजूनं किंचित बसली. त्यानं टेप घेतला. चाकावरच्या कमानीपासून जमिनीपर्यंत दोन्हीकडचं माप घेतलं, डावी रिंग दोन फेरे फिरवली, पुन्हा माप घेतलं.

"काकूले काऊन नाही आनलं पन?" तो खालूनच बोलत होता. "त्याइच्यासाठीच तं एवढा खटाटोप. मांगच्या साली मी डोळ्यानं पाह्यलं. काकू जानेफळच्या एस्टीत, अन् तुमी मांगून रिकामी गाडी घेऊन. स्टँडावरचे सारे हासून राह्यले होते."

"तुयी काकू म्हने, या गाडीत बसन्यापरीस थ्रेशरमंदी बसलेली बरी."

"आता म्हना, चहाचा कप मांडीवर घेऊन बसा. थेंब सांडला तं गाडी मले वापस."

इंद्रभान हसले. जरा उशिरानं हसले.

दोन्हीकडचं माप जुळलं. नागसेननं हात पुसले आणि डावं दार उघडलं.

"पोतं उतरवतो."

"राहू दे."

"तुमच्या अमडापुरात रेती नाही भेटत का, काका?"

"भेटते."

नागसेननं त्यांच्याकडं पाहिलं. एरवी तो गाड्यांची दारं आपटूनच लावायचा. हे दार त्यानं दोन्ही हातांनी, हळू लावलं.

अमडापूर यायच्या आधी नाल्याच्या पुलाजवळ एक ब्रेकर आहे, चांगला गुडघाभर. तो दिसला की अन्नपूर्णाबाई डोळे मिटून समोरची फळी दोन्ही हातांनी धरायच्या. इंद्रभानांनी आज वेग कमी केला नाही. गाडीचं नाक खाली गेलं, वर आलं, आणि तेवढंच. पोत्याची सुतळीसुद्धा हलली नाही.

त्यांनी पुढं जाऊन गाडी वळवली आणि परत त्याच ब्रेकरवरून आणली. मग आणखी एकदा वळवली. पुलाजवळचा टपरीवाला हातातलं भांडं ठेवून रस्त्यावर आला. म्हाताऱ्याचं काही हरवलं असावं, असं त्याला वाटलं.

तिसऱ्यांदा ब्रेकर ओलांडून इंद्रभानांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

"दचका बसला का?" त्यांनी डावीकडं न बघता विचारलं.

गाडी दोन्ही बाजूंनी अगदी सरळ उभी होती.

अन्नपूर्णाबाई शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वानऊ वाजता गेल्या. कोइमतूरचं खोकं अक्षय तृतीयेला आलं.