एकच नर

सुईच्या टोकाला काहीतरी चिकटलं होतं.

केर असेल, म्हणून तिनं पुसायला कापूस उचलला आणि तशीच थांबली. सुई उजेडाकडे धरून हातातल्या भिंगातून पाहिलं. केर कुठला! दगडमाशीच्या नराच्या पोटाचं शेवटचं टोक होतं ते. अर्ध्या तासापूर्वी तिनंच कापून काचेच्या वाटीत सोडलेलं. सोडलं असं तिला वाटलं होतं, एवढंच. ते सुईलाच चिकटून राहिलं होतं.

डोंगरातल्या ओढ्यांवर सहा फेऱ्या झाल्या होत्या. गुडघाभर गार पाण्यात उभं राहून दगडन्‌दगड धुंडाळला, आणि हाती काय, तर अकरा माद्या नि हा एक नर. या माश्यांची जात ओळखायची ती नराच्या या टोकावरच्या हुकासारख्या आकड्यावरून. नवी जात म्हणून जगापुढे मांडायची, तर आकड्याचं चित्र हवंच. एकदा कापूस फिरला असता, तर सगळ्यावर पाणी.

थोडक्यात वाचले बाई, असं मनात म्हणत तिनं बाबांना सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात टेबलाच्या पलीकडून बाबाच म्हणाले, "लिही. आकडा डावीकडे वाकलेला. टोकाशी किंचित रुंद."

बाबांचे दोन्ही डोळे मायक्रोस्कोपला लागले होते. उजवा हात शेजारच्या कागदावर झरझर चालला होता. आणि मायक्रोस्कोपखालच्या वाटीत काहीच नव्हतं.

तिला आधी काही कळेचना. कळलं तेव्हा सुई पुसायचा कापूस तिनं बाजूला ठेवला.

या घरातली एक शिस्त होती. ती कापणार, बाबा चित्र काढणार, आणि चित्रावरची शाई वाळेपर्यंत दुसऱ्यानं मायक्रोस्कोपमध्ये डोकावायचं नाही. "दोघांनी बघितलं की एकाचं मन दुसऱ्याच्या कागदावर उतरतं," बाबा म्हणायचे. शाई वाळली की टोक बाटलीत, बाटली संग्रहालयात. नंतर तरी बाबांचं चित्र कोण तपासणार? चाळीस वर्षं लोक आपापली चित्रं बाबांच्या चित्रांवरून तपासत आले होते.

"काय ठमाबाई, लिहिताय ना? की डुलकी लागली?"

"लिहितेय," ती म्हणाली. लिहिलं काहीच नव्हतं. "बाबा, नीट दिसतंय ना?"

"अगदी लख्ख! कडेचे केससुद्धा मोजून देतो, घे. डाव्या बाजूला सहा."

सहा! रिकाम्या वाटीतले सहा केस!

आई चहा घेऊन आली. बाबांच्या कोपराशी कप ठेवायला चांगली ऐसपैस जागा होती. आईनं ठेवला नाही. बाबांचा हात हातात घेतला, बोटं कपाच्या कानात अडकवून दिली, मग कप सोडला. वळताना तिचं लक्ष लेकीच्या हातातल्या सुईकडे आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे गेलं. क्षणभर ती बघत राहिली. मग हळूच मान हलवली. बोलू नकोस.

म्हणजे आईला माहीत होतं.

सुई वाटीत बुडवून झटकली असती तर? टोक वाटीत, चित्र कागदावर, कुणाच्या बापाला कळणार होतं? तिचा हात पुढे गेलासुद्धा. पण भिंगातून तिनं पुन्हा एकदा सुईकडे पाहिलं. आकडा सरळ होता, टोकाशी दुभंगलेला. केस एकही नव्हता. आणि कागदावर बाबांचा आकडा पुरा होत आला होता, डावीकडे वाकलेला, देखणा. रेघ कुठे म्हणून थरथरली नव्हती.

"बाबा, वाटी रिकामी आहे."

पेन थांबलं.

"अगं, चहा तरी पिऊ दे त्यांना," आई घाईघाईनं म्हणाली.

"टोक माझ्या सुईलाच राहिलंय. चूक माझी, ते वाटीत पडलंच नाही." तिनं सुई पुढे धरली. "पण मग तुम्ही अर्धा तास काय बघताय, बाबा?"

बाबांनी मान वर केली. ते तिच्याकडे बघत होते, पण नजर तिच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी लागली होती.

"मधोमध काळं दिसतं गं," ते म्हणाले. "कडेकडेनं दिसतं थोडंफार. हाताला सवय आहे ना. म्हटलं, एवढं एक होऊन जाईल."

ते घाबरले होते. उभ्या आयुष्यात तिनं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. उठून जवळ जायला हवं होतं, असू द्या बाबा, म्हणायला हवं होतं. पण तिला वेगळंच काही आठवलं होतं आणि त्या भीतीनं तिचा पाय उचलेना. गेल्याच वर्षी दोघांनी मिळून तीन नव्या जाती छापल्या होत्या. वर बाबांचं नाव, खाली तिचं. चार पानं भरून चित्रं होती आणि ती चित्रं समोर ठेवून कुठले कुठले लोक आपल्या ओढ्यांतल्या माश्या ओळखत होते.

"बाबा, गेल्या वर्षीच्या त्या तिन्ही..." ती म्हणाली. "त्या तुम्हाला दिसल्या होत्या ना?"

बाबांनी चाचपडत पेनाचं टोपण शोधलं. ते लावायला त्यांना बराच वेळ लागला. आईनं तोंड फिरवलं.

"पहिली दिसली होती," ते म्हणाले.