शेवटचं टेबल

धाराशिवला नव्यानं झालेलं गच्चीवरचं हॉटेल रविवारी पार भरलेलं असायचं. लग्नाच्या वाढदिवसाला दीपमालाला तिथंच जेवायला न्यायचं, म्हणून ढोकीच्या योगीराजनं अंगणात जाऊन गुपचूप फोन लावला.

"या रविवारचं शेवटचं टेबल आत्ताच गेलं, साहेब," मॅनेजर म्हणाला.

"अहो, बायकोला आजवर कधी हॉटेलात नेलं न्हाय. ज्यांनी घेतलं त्यांना विचारून तर बघा, देत्यात का!"

"थांबा, दुसऱ्या फोनवरनं विचारतो."

योगीराज फोन कानाला लावून उभा राहिला. तेवढ्यात आत स्वयंपाकघरात दीपमालाचा फोन वाजला.

 

"छे, टेबल अजिबात सोडणार न्हाय! आमच्या ह्यांना असलं कधी सुचत न्हाय, म्हणून तर मीच घेतलंय."