घरपोच मतपत्रिका

"टपालाने मत देऊ नकोस, केंद्रावर जा," असं थोरल्या बहिणीने बजावलं होतं. धाकटीने ते हसण्यावारी नेलं. तान्ह्या बाळाला घेऊन रांगेत कोण ताटकळणार?

गेल्या काही निवडणुकांपासून टपालाने मत द्यायची सोय सगळ्यांनाच होती, त्यामुळे मतपत्रिका घरी आल्या. नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर बसून सगळ्यांच्या खुणा एका दमात केल्या. "तुझा त्रास वाचवला. नुसती सही कर."

"अहो, पण मला दुसऱ्यांना द्यायचं होतं."

"एका घरात दोन पक्ष कशाला?"

"कर गं," सासूबाई म्हणाल्या, "मीही दरवेळी करते."

मतदान केंद्रातला पुठ्ठ्याचा आडोसा कुणापासून लपायला असतो, हे तिला सही करताना कळलं.

टपालाच्या सोयीमुळे यंदा बायकांचं मतदान वाढलं, असं बातम्यांत कौतुक चाललंय. तुम्ही मात्र तुमच्या घरातल्या वहिनीला एकटीला गाठा आणि विचारा, खूण कुणी केली?