गावाची बदनामी

जीपमधून उतरलेल्या बाईंनी शाळेचा रस्ता विचारला, तेव्हाच अंकुशराव सावध झाले.

बदल्यांचे दिवस होते. कौन्सेलिंगमध्ये गाव निवडण्याआधी कायम नोकरीतले शिक्षक असेच येऊन गाव बघून जात. कमलनगर तालुक्यातल्या या मराठी शाळेत एक जागा रिकामी होती आणि तिथे नागराज सर अतिथी शिक्षक म्हणून शिकवत होते. कायमचं माणूस आलं, की अतिथीनं पिशवी उचलायची. सर आल्यापासून तालुक्याला जाणारी पोरं पुन्हा गावच्या शाळेत बसू लागली होती. म्हणून शाळा समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे अंकुशरावांनीच, सगळ्यांना बजावून ठेवलं होतं: असं कुणी आलं, की गावाची मनसोक्त बदनामी करायची.

सर नेमके औरादला ट्रेनिंगला गेले होते. रान मोकळं होतं.

बाईंनी नाव सांगितलं श्रीदेवी. मूळच्या कोहिनूर गावच्या, राहायला बिदरला. बस कधी येते, दवाखाना किती लांब, भाड्यानं घर मिळतं का, असं त्या एकेक विचारू लागल्या. अंकुशरावांना आता शंकाच उरली नाही. बसचा भरवसा नाही, घरोघरी विंचू निघतात, दवाखान्याला कायम कुलूप, असं त्यांनी धडाधड सांगून टाकलं. शाळेत स्वयंपाक करणारी राजूबाई त्यांच्या वरताण निघाली. गावचं पाणी खारं आहे हे पटावं म्हणून तिनं चहात चिमूटभर मीठच टाकलं. श्रीदेवी तो चहा मुकाट्यानं प्यायली.

"एवढं वंगाळ गाव, मग सर कसे राहतेत?" तिनं विचारलं.

"त्यांचं येगळं हाय, म्याडम," राजूबाई म्हणाली. "पोरगं शाळंत आलं न्हाई तर घरी येऊन बसतेत. पोरगं निघंपर्यंत उठत न्हाईत."

ही बाई काही घाबरत नाही, हे अंकुशरावांनी ओळखलं. त्यांनी सरळ हात जोडले.

"खोटं कशाला बोलू, म्याडम. गाव चांगलं हाय. पन तुमी हितं आलाव की आमचे सर जातेत. तुमाला कुठं बी गाव मिळंल. त्यांना न्हाई मिळनार."

श्रीदेवी हसली.

"मी मास्तरीन न्हाई, काका. तुमच्या सरांचं स्थळ आलंय मला. अतिथीची नोकरी, आज हाय उद्या न्हाई, म्हनून आमचे अप्पा नको म्हनायलेत. आता जाऊन सांगते त्यांना, ज्याच्यासाठी अख्खं गाव खोटं बोलायलंय, त्याच्याहून पक्की नोकरी कुनाची हाय?"