इथे फक्त टोमॅटो

नोन्ना वसिल्येव्हनाने रोपांचा फोटो काढला आणि टोमॅटोवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. दह्याच्या रिकाम्या डब्यांत लावलेली रोपं दोऱ्यासारखी लांब, फिकट झाली होती आणि सगळी एकाच बाजूला कलली होती. फोटोखाली तिने लिहिलं, "'बैलाचं काळीज' जात. बी आमच्या यांनी निवडून ठेवलेलं, हे शेवटचं. वाचतील का?"

पहिलं उत्तर रशियातून, पेन्झाच्या ल्यूबाचं.

"अगं बाई, काय ही दशा! तळघरात ठेवलीस की काय?"

"नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत."

"मग उजेड कुठं गेला? पडदा सरकव, आळशी!"

नोन्नाला हसू आलं. युक्रेनमधल्या खार्किवच्या त्या इमारतीत तिच्या जिन्यावर आता दुसरं कोणी राहत नव्हतं. असं हक्काने बोलणारं ग्रुपवरच भेटायचं.

"पडदा नाही गं. प्लायवूड ठोकलंय. बाजूच्या फटीतून येईल तेवढाच उजेड."

"खिडकीला प्लायवूड?" ग्रुपमधले रशियातल्याच सारातोवचे एक आजोबा मध्ये पडले. "काच बसवून घ्या की. मार्च आहे, रोपांना काच हवी."

"दोनदा बसवली."

"मग?"

नोन्नाने लिहिलं.

"पहिली काच तुमच्याकडून आलेल्या क्षेपणास्त्राने गेली. दुसरी ड्रोनने, समोरच्या शाळेवर पडलं तेव्हा. आता काच बसवणारा यायला तयार नाही."

तिने चहाचं पाणी ठेवलं. परत येऊन पाहिलं तर तिचा मजकूर तिथे नव्हता. ल्यूबाचा 'आळशी' होता, आजोबांचा 'मग?' होता, आणि त्याखाली काहीच नव्हतं.

ग्रुप चालवणाऱ्या गेन्नादी अर्कादियेविचचा वेगळा निरोप आला होता. तोही रशियातलाच, वोरोनेझचा. कित्येक वर्षं दोघांनी टपालाने एकमेकांना बी पाठवलेलं. नोन्नाचा नवरा गेला तेव्हा हा माणूस फोनवर रडला होता.

"नोन्ना वसिल्येव्हना, नियम तुम्हाला ठाऊक आहे. राजकारण नको. इथे फक्त टोमॅटो."

"मी टोमॅटोबद्दलच लिहिलंय, गेन्नादी अर्कादियेविच."

त्याचं उत्तर आलं. "कृपा करा. मला तुम्हाला काढायला लावू नका. कोण कोण वाचत असतं, आपल्याला काय ठाऊक."

ग्रुपमधले बाकीचे युक्रेनी लोक युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात बाहेर पडले होते. नोन्नाची मुलगी वॉर्साहून फोनवर दर वेळी म्हणायची, "आई, तू अजून त्या लोकांत बसतेस? लाज कशी वाटत नाही?" नोन्नाला लाज वाटायची. एकदा तिने मुलीला व्हिडिओ कॉलवर रोपं दाखवली. मुलगी म्हणाली, "बाजारात मिळतात गं टोमॅटो."

'ग्रुप सोडा' या शब्दांवर नोन्नाचं बोट थांबलं. तिने रोपांकडे पाहिलं. सगळ्यांत उंच रोप आता डब्याच्या काठावर टेकलं होतं.

तिने बोट उचललं आणि लिहिलं, "आमच्याकडे सारखं ढगाळ आहे. उजेड पुरत नाही. काय करू?"

उत्तरांची रीघ लागली.

"असं आधी सांगायचं ना गं बाई!" ल्यूबाने लिहिलं. "घाबरू नकोस. मोठ्या डब्यात लाव, खोड अर्धं मातीत गाड. त्याला तिथूनच मुळं फुटतात."

"डब्यांच्या मागे चंदेरी कागद उभा करा," आजोबा म्हणाले. "उजेड दुप्पट होतो. पाणी मात्र बेताने."

आणखी कोणीतरी, कुठून तरी: "बिचारी रोपं. जीव धरतील हो."

शेवटी गेन्नादी अर्कादियेविच. "धीर धरा. ढग काय, जातात."

नोन्नाने प्रत्येकाचं नाव घेऊन आभार मानले. मग ओट्याखालून चंदेरी कागदाची गुंडाळी काढली आणि डब्यांच्या मागे कागद उभा केला. प्लायवूडच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप त्यावर पडून थेट तिच्या डोळ्यांत घुसली. तिने हात आडवा धरला. बाहेर आभाळ निरभ्र होतं.