घरचे तांदूळ

अंदमानात येऊनही रिताचा समुद्र हॉटेलच्या खिडकीपुरताच राहिला होता. "आईले हाटेलचा भात पचत नाही," म्हणत नवऱ्याने, प्रविणने, आसगावहून घरच्या तांदळाची पिशवी आणि विजेचा कुकर सोबत आणला होता. बाकी सगळे लाटांत भिजत, ही कुकरपाशी घामाने. आज पिशवी रिकामी झाली, तेव्हा तिला हायसं वाटलं. निदान शेवटचा दिवस आपला! तेवढ्यात प्रविणने बॅगेतून दुसरी पिशवी काढली. "आईसाठी राखून ठेवली होती न." रिताच्या डोक्यात तिडीक गेली. तिने सासूकडे जळजळीत नजरेने पाहिलं, तशा सासूबाईच उसळल्या, "माह्या नावावर कायले खपवून राहिला रे? भात तुलेच लागते. मी तं काल खाली जाऊन डोसा खाऊन आली!" रिताने पिशवी नवऱ्याच्या मांडीवर आदळली. "चला आई. आन् तुम्ही, भात करपला तरी मले बलावू नोका."